खळग्यातली बातमी

कलेक्टरच्या कचेरीत मागच्या बाजूला एक खोली आहे आणि तिथे एक गोरा साहेब हातात कात्री घेऊन बसलेला असतो, असं आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांना वाटत असे. उरलेले निम्मे स्वतःला जास्त जाणते समजत. त्यांच्या मते कात्री ही खुळी कल्पना होती. साहेबापाशी पाण्याची वाटी आणि बोळा असतो, आणि वर्तमानपत्रातली न आवडलेली ओळ तो पुसून टाकतो. एका गृहस्थांनी तर त्या साहेबाची दाढीही पाहिली होती. मी वर्तमानपत्र छापणाऱ्या घरात राहत होते. मी ती कात्री कधी पाहिली नाही, बोळा पाहिला नाही, आणि दाढी तर नाहीच नाही. पण हे सांगायला गेलं की बायका माझ्याकडे अशा पाहत, जणू ती कात्री मीच फडताळात दडवून ठेवली आहे.

आमचं घर ठाण्यात, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. हे आधी शाळेत मास्तर होते. तिथे मन रमेना म्हणून नोकरी सोडली आणि घराच्या पडवीत शिळाप्रेस घातला. आठवड्याला एक पत्र निघे, चार पानांचं. लोक यांना संपादक म्हणतील अशी यांची फार आशा होती, पण लोक शेवटपर्यंत मास्तरच म्हणत राहिले.

शिळाप्रेस म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. तिथे शिशाचे खिळे नसतात. चिकट शाईने एका खास कागदावर सगळा मजकूर हाताने लिहायचा. तो कागद गुळगुळीत घासलेल्या धोंड्यावर पालथा घालून दाबला की अक्षरं धोंड्यावर उतरतात, आणि मग त्या धोंड्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. आठवडा संपला की वाळू आणि पाणी घालून धोंडा पुन्हा घासायचा. मागच्या आठवड्याचं सगळं जग त्या गढूळ पाण्याबरोबर मोरीतून वाहून जायचं.

तो कागद मी लिहीत असे. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लग्नानंतर यांनीच मला लिहायला शिकवलं आणि दोन-तीन वर्षांत शिष्य गुरूच्या वरचढ निघाला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक दर आठवड्याला माझं अक्षर वाचत आणि "मास्तरांचं वळण काय सुरेख आहे!" म्हणत. हे मान डोलावत. बायकोच्या हातचं पत्र म्हटलं तर लोक हसतील, असं यांना वाटे. ते खोटं नव्हतं. लोक हसलेच असते. तेव्हा दुपारी माजघराचं दार लोटून मी लिहायची, आणि कोणी आलं की शाईची बोटं पदरात घ्यायची.

मग तो कायदा आला. देशी भाषांत जी पत्रं निघतात त्यांच्यासाठी. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. इंग्रजीतल्या शिव्या साहेबलोकांना बहुधा गोड लागत असाव्यात. हे एक दिवस कचेरीत जाऊन मुचलका लिहून देऊन आले. सरकारविषयी रयतेच्या मनात वाईट येईल असं काही छापणार नाही, छापलं तर प्रेस सरकारजमा, असा त्याचा अर्थ. सही केली आणि घरी येऊन हे गार पाण्याने हातपाय धूत बसले, ते बराच वेळ. मी विचारलं, "काय म्हणाले हो?" तर म्हणाले, "काहीच नाही. शिरस्तेदाराने पानसुपारी दिली."

एवढंच झालं. लोकांना हे पटत नाही, तेव्हाही पटत नसे. त्यांना वाटे रोज शिपाई येतात, कागद तपासतात, खडसावतात. कोणी आलं नाही. शिपाई आमच्या दारावरून जायचा तो थेट तळ्यावर, कपडे धुवायला. येऊन कोणी सांगितलं असतं की हे छापा आणि ते छापू नका, तर निदान भांडता तरी आलं असतं. पण भांडायचं कोणाशी? हे लिहिलेला कागद हातात घेऊन प्रत्येक वाक्य चिंच चाखल्यासारखं तोंडात घोळवायचे आणि मग म्हणायचे, "हे नको गं. उगाच." त्या 'उगाच'ची मला चीड होती. साप साप म्हणून भुई धोपटायचा तो धंदा.

आमच्या घरी मासळी चालायची. खाडीपलीकडच्या एका गावातून एक बाई सुकं म्हावरं घेऊन यायची, बोंबील, सुकट, हंगामात करंदी. उंच, काळीसावळी, गुडघ्याच्या वर कासोटा खोचलेला, आवाज असा की पाटी उतरवायच्या आधीच आळीला कळे. तिच्या नवऱ्याकडे खाडीकाठच्या खाजणात एक लहानसं मिठागर होतं. ते दरसाल सरकारातून वहिवाटीला मिळे. अट अशी की हंगामात ते चालतं ठेवलं पाहिजे. एक हंगाम पडून राहिलं की दुसऱ्याला द्यायचं. आणि दुसरी अट अशी की तिथे पिकलेला मिठाचा एक खडासुद्धा तोलल्याशिवाय आणि सरकारची पट्टी भरल्याशिवाय उचलायचा नाही.

थंडी सरता सरता एके सकाळी ती आली ती पाटीशिवाय. मागच्या दारी बसली आणि बसूनच राहिली. मी म्हटलं, "अगं, काय झालं? आज हात हलवीत आलीस?"

"वैनी, माज्या दादल्याला नेला," ती म्हणाली. "मिठावरच्या शिपायांनी. आमच्याच खाजनातला मीठ. घरान खडा नव्हता, पेजेन टाकाया सूपभर आनला. तेवढ्यावर नेला त्याला, तुरुंगान टाकला."

मी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही. "आथा पान्याचा येल हाय," ती म्हणाली. "भरतीचा पानी खाजनान घ्याचा, वलवाचा, रोज. येकली बाई काय काय करल? पावसाआधी तो सुटला नाय तं मिठागर गेला. मंग आमी खावाचा काय? मास्तरानला सांगा, छापा. सायेब वाचल. वाचला का सोरल."

तिला वाटत होतं की छापलेलं साहेब वाचतो, वाचलं की त्याला कळतं आणि कळलं की तो सोडतो. हीही एक समजूतच म्हणायची. पण ती तिची एकटीची नव्हती. आमचे हे त्याच समजुतीवर नोकरी सोडून बसले होते.

मी यांना बाहेरून बोलावून आणलं. यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, खोदून खोदून विचारलं, आणि यांचे डोळे भरून आले ते मी पाहिलं. हे भित्रे होते, पण दगड नव्हते. "छापू," हे म्हणाले. "या आठवड्यात छापू." ती उठली, यांच्या पाया पडायला लागली तर हे मागे सरले. त्या दिवशी पहिल्यांदा ती आवाज न करता आळीतून गेली.

त्याच दुपारी यांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. लहानच होता. खाडीपलीकडच्या गावातल्या एका गरीब आगऱ्याने स्वतः पिकवलेल्या मिठातलं सूपभर मीठ घरच्या पेजेसाठी नेलं. त्याबद्दल तो आज तुरुंगात आहे. घरी बायको आणि तीन लहान मुलं आहेत. मिठाचा हंगाम चालू आहे आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. एवढं सांगून हे थांबले. लिहिता लिहिता माझ्या मनात एक वाक्य आलं, ते मी यांना न विचारता खाली लिहून टाकलं: "पेजेत मीठ घालणे हा ज्या कायद्याने गुन्हा ठरतो, तो कायदा पेज न खाणाऱ्याने केला असला पाहिजे."

यांनी वाचलं. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंस." यांच्या तोंडून असं कधी निघत नसे, म्हणून मी लक्षात ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "बाकी सगळं राहू दे. ते शेवटचं वाक्य तेवढं काढ."

"का?"

"कायदा कोणी केला, यावर बोट ठेवल्यासारखं होतं. उगाच."

मी म्हटलं, "बोट ठेवायचंच आहे ना?" पण कागद यांचा, प्रेस यांचा, मुचलक्यावर सही यांची. मी पुन्हा लिहिलं, ते वाक्य सोडून. दुपारी हे म्हणाले, तुरुंगाऐवजी 'अडचणीत' म्हटलं तर? मी म्हटलं, तुरुंगात आहे त्याला तुरुंगात म्हणायचं नाही तर काय आजोळी म्हणायचं? यांनी ऐकून घेतलं आणि 'अडचणीत' केलं. संध्याकाळी 'सूपभर मीठ' गेलं, कारण सूप म्हटलं की नेमकी कोणती केस ते कचेरीत लगेच कळेल. रात्री जेवताना 'आगरी' हा शब्द गेला. एका जातीचं नाव नको. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे जो मजकूर होता तो असा: मिठाचा हंगाम सुरू झाला असून यंदा काही कुटुंबांना अडचण आहे. मी तो कागद यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे आता कोणाबद्दल आहे ते तुम्हीच सांगा." यांनी पाहिलं. म्हणाले, "खरं आहे. असं छापण्यात काही अर्थ नाही. मग राहू दे."

मी रडले नाही, पण त्या दिवशी भात करपला तो मी करपू दिला. मला यांचा राग आला होता आणि यांची दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. ना कोणी शिपाई आला होता, ना कोणी साहेब. आमच्याच घरात, चहा आणि जेवण यांच्या मध्ये, त्या माणसाची बातमी आम्ही दोघांनी मिळून सोलून संपवली होती. जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे म्युनिसिपालिटीच्या दिव्यांविषयी एक मजकूर घातला. तो अगदी बरोबर बसला. पान भरगच्च आणि देखणं दिसत होतं.

आता गंमत ऐका. त्याच आठवड्यात आमच्या धोंड्याला खळगा पडला. धोंडा घासणारा गडी नवा होता. त्याने एकाच जागी हात चालवला आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर तळहाताएवढी जागा खोल गेली. तिथे कागद धोंड्याला टेकेना. छापून प्रती बाहेर आल्या तर पानाच्या मधोमध एक पांढरा डाग, त्याच्या कडेला अक्षरांचे शेंडे-बुडखे, आत काही नाही. पुन्हा धोंडा घासून पुन्हा छापायला वेळ नव्हता. हे म्हणाले, जाऊ दे, तिथे तर जाहिरात आहे. कल्याणच्या एका शेठजींची म्हैस हरवली होती, तिची ती जाहिरात. काळी, एक शिंग वाकडं, कपाळावर चांदणी.

पत्र बाहेर गेलं आणि दोन दिवसांत ठाण्यात एकच गलबला. सरकारने मास्तरांच्या पत्रातला मजकूर पुसला! ओट्या-ओट्यांवर तो अंक उजेडाकडे धरून लोक आरपार पाहू लागले. वाण्याच्या दुकानी एकजण मोठ्याने पत्र वाचून दाखवी, तो त्या डागापाशी आला की आवाज खाली आणी आणि थांबे. आणि ऐकणारे असे माना हलवीत की जणू त्यांना सगळं कळलं. कोणी म्हणे तिथे दुष्काळाचा खरा आकडा होता. कोणी म्हणे कलेक्टरच्या मडमेचं काही प्रकरण होतं. आमच्या शेजारच्या काकूंनी मला एका बाजूला नेऊन विचारलं, "अगं, मला तरी सांग. मी कोणाला सांगायची नाही." मी म्हटलं, "काकू, म्हैस होती." काकू दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

सगळ्यांत कडी केली त्या शेठजींनी. त्यांना तर ठाऊक होतं तिथे काय होतं! ते कल्याणहून तावातावाने आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, आता मला कळलं म्हैस कुठे गेली ते. एखाद्या साहेबाच्या बंगल्यात बांधलेली असणार. नाहीतर सरकारला माझी म्हैस पुसायचं कारण काय?"

हे पहिले आठ दिवस ज्याला त्याला सांगत राहिले की अहो, धोंडा खराब झाला. लोक डोळे मिचकावत. "बरोबर आहे मास्तर, तुम्ही असंच म्हणायला पाहिजे." नंतर नंतर हे सांगेनासे झाले. मग एक दिवस मी पाहिलं, कोणीतरी तळ्याच्या काठी यांना लवून नमस्कार केला आणि "धन्य तुमची" म्हणाला, आणि यांनी तो नमस्कार घेतला. मला त्या वेळी हसूही आलं नाही. म्हशीच्या जागेवर आम्ही शूर ठरलो होतो; आणि दिव्यांच्या मजकुराखाली काय गाडलं होतं त्याची चौकशी करायला एक माणूस आला नाही. कोण येणार? ते पान भरलेलं होतं.

नावलौकिक कचेरीपर्यंत पोचायला कितीसा वेळ! यांना बोलावणं आलं. शिरस्तेदाराने विचारलं, पुसलेल्या जागी काय होतं? हे म्हणाले, म्हैस. शिरस्तेदार म्हणाला, मास्तर, थट्टा पुरे. सरकारने तर काही पुसलं नाही, म्हणजे तुम्हीच आधी लिहिलंत आणि मग भिऊन पुसलंत. काय लिहिलं होतंत? आता नव्हतंच ते कसं दाखवायचं? शेठजींना साक्षीला न्यावं तर ते तिथे साहेबाच्या बंगल्याची झडती मागायचे. धोंडा दाखवावा तर धोंडा घासून सपाट झाला होता. शेवटी असं ठरलं, की यापुढे दर अंकाची पहिली प्रत आधी कचेरीत आणून दाखवायची. इतके दिवस जे नव्हतं, ते आमच्यावर लोकांच्या कौतुकाने आणलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आणि तिथेही पुसणारा कोणी नव्हता, बरं का. एक कारकून बसे. तो प्रत घेई, चाळल्यासारखी करी आणि म्हशींच्या, घरांच्या जाहिराती मात्र आवडीने वाची. त्याने एकदाही एका अक्षराला हात लावला नाही. लावायला आम्ही काही ठेवलंच नव्हतं.

पुढच्या अंकांत डाग नव्हता. लोक हिरमुसले. "मास्तरांना दाबलं," असं म्हणून उसासे टाकू लागले आणि हळूहळू वाण्याच्या दुकानी आमचं पत्र वाचणं थांबलं.

ती बाई त्या सकाळनंतर आली नाही. तिची वाट पाहत मी रोज मागच्या दारी बसायची. तिला काय सांगायचं ते मनात जुळवायची, मोडायची. मग तिच्याच गावची दुसरी बाई सुकट घेऊन आली. तिने सांगितलं, की पोरांना घेऊन ती मोहने गावी माहेरी गेली आहे. नवरा पावसाच्या तोंडावर सुटला. तोवर मिठागर पडून राहिलेलं; ते दुसऱ्या कोणाला दिलं गेलं. मी हे यांना सांगितलं. हे लिहीत होते, लिहीतच राहिले. नंतर पाहिलं तर कागदावर नुसत्या रेघा होत्या.

काही वर्षांनी लाटसाहेब बदलला आणि तो कायदा उठला. आळीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, आता कात्रीवाला साहेब बोटीत बसून गेला आणि उद्यापासून पत्रांत सगळं खरं येणार. मीही यांना म्हटलं, "आता ती मिठाची बातमी छापा. मला पाठ आहे." हे म्हणाले, "आता ती शिळी झाली गं." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "उगाच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, मागच्या दारी ती उभी. केस पिकले होते, आवाज उतरला होता. मी तिला आत घेतली, बसवली. तिने ओच्यातून एक फडक्याची गुंडाळी काढली. फडक्यात तो अंक होता, तिसरं पान वर केलेलं. घड्यांवर फाटत आलेला, आणि मधोमध तो डाग.

"आमच्या पाटलाने आनलेला," ती म्हणाली. "त्याने दावला, ह्या बघ, तुज्या दादल्याची बातमी. सरकारने पुसली. माजा दादला सुटून आला तं सारे गावाने त्याला मान दिला, वैनी. सरकार त्याला भ्याला म्हनून. मिठागर गेला, पन मान रायला. आथा तो नाय. गेल्या पावसान गेला. पन आथा कायदा उठला ना? पुसलेला परत छापतान ना? मास्तरानला सांगा, आथा छापा."

मी खोटं बोलणारी बाई नाही. माझी जीभ म्हणूनच वाईट. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "बाई गं, इथे तुझ्या नवऱ्याची बातमी नव्हती. इथे एका शेठजींची हरवलेली म्हैस होती. तुझी बातमी छापलीच नव्हती."

ती रागावली नाही. माझ्याकडे बघून हसली, लहान मुलीला हसावं तशी. "वैनी, तुमी बाईमानूस," ती म्हणाली. "बाप्ये तुमाना सगला सांगतान का?"

माझ्या बोटांना शाई होती. ती मी पदराखाली घेतली, सवयीने.

ती उठली आणि सरळ पडवीत यांच्यापाशी गेली. मी दाराआड उभी राहिले. तिने तो कागद यांच्यापुढे पसरला आणि म्हणाली, "मास्तर, छापा नायतं रावद्या. पन येकदा वाचून दावा. काय लिवला व्हता माज्या दादल्याचा?"

मला वाटलं, हे म्हैस म्हणतील. किंवा म्हणतील, आता आठवत नाही. यांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला, त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. खाडीपलीकडच्या गावातल्या एका गरीब आगऱ्याने. स्वतः पिकवलेल्या मिठातलं सूपभर मीठ. घरच्या पेजेसाठी. बोट डागावरून ओळीओळीने सरकत होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. 'अडचणीत' नव्हतं, 'तुरुंगात' होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती बातमी माझ्या एकटीपाशी आहे. ती बाई ओंजळ करून ऐकत होती आणि तिचे गाल भिजले होते, आणि माझेही. यांच्यावरचा माझा सगळा राग त्या वेळी गेला, हे मी कबूल करते.

"मिठाचा हंगाम चालू आहे," यांनी वाचलं, "आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही."

आणि हे थांबले. आता ते माझं वाक्य राहिलं होतं, पेज न खाणाऱ्याचं. यांचं बोट पुढच्या ओळीच्या जागी गेलं होतं, ओठ उघडले होते. यांनी मान वळवून ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर कोणी नव्हतं. आळीत ऊन पडलं होतं आणि एक कुत्रं झोपलं होतं. कायदा उठला होता. समोर जी होती तिला अक्षर येत नव्हतं आणि बोटाखाली कागदावर अक्षर नव्हतं. यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"एवढंच," हे म्हणाले.

तिने घडी फडक्यात गुंडाळली. उठली, आणि मग उंबऱ्यापाशी जरा घुटमळली. "येवढाच?" तिने विचारलं. "येवढ्याला भ्याला सरकार?"

हे चष्मा पुसत राहिले. ते वाक्य माझ्याही तोंडात आलेलं होतं. मी दार धरून उभी राहिले, आणि ती आळीतून निघून गेली.